ज्याचा माल, त्याचा हमाल

(वाहतूक व गोदाम क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०१८ च्या फेब्रुवारी महिन्यात ब्रिटनमध्ये एक चमत्कारिक घटना घडली. तळलेली कोंबडी विकणाऱ्या केएफसी या अमेरिकन कंपनीची सुमारे ९०० उपाहारगृहे त्या देशात होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकाएकी बंद पडली, कारण कोंबडी विकणाऱ्या दुकानात कोंबडीच उरली नव्हती. देशात कोंबड्यांचा तुटवडा नव्हता. कामगारांचा संप नव्हता. गिऱ्हाईकही दाराशी उभे होते. बदलला होता तो फक्त माल पोचवणारा. तोवर बिडवेस्ट नावाची कंपनी हे काम करीत होती व तिची कोठारे देशभर विखुरलेली होती. १४ फेब्रुवारीपासून ते काम डीएचएल आणि तिची जोडीदार क्यूएसएल यांच्याकडे गेले. नव्या व्यवस्थेत सारा माल रग्बी गावाजवळच्या एकाच कोठारातून निघावयाचा होता. पहिल्याच दिवशी जवळच्या महामार्गावर अपघात झाले, मालमोटारी अडकल्या, आणि एका कोठारावर टांगलेली सारी साखळी तुटून पडली. मार्च महिन्यात कंपनीने उत्तर इंग्लंडमधील सुमारे ३५० उपाहारगृहांचे काम निमूटपणे जुन्या कंपनीकडे परत दिले.

जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी विनोद म्हणून छापली. पण विनोदाच्या मागची बाजू फारशी कोणी छापली नाही. काम हातचे गेल्यामुळे बिडवेस्टमधील २५५ कामगारांवर नोकरी गमावण्याची पाळी आली होती. हा बदल घातक ठरेल, असा इशारा तेथील जीएमबी या कामगार संघटनेने आधीच दिला होता. तो कोणी ऐकला नाही. उपाहारगृहे बंद पडल्यावर कंपनीने स्वतः चालवलेल्या दुकानांतील कामगारांना सरासरीइतके वेतन देण्याची तयारी दाखवली. परंतु बहुतेक दुकाने परवानाधारक चालकांची होती. तेथील कामगारांचे काय करावयाचे, हा निर्णय त्या त्या चालकावर सोपवण्यात आला. चूक मूळ कंपनीच्या निवडीत होती. मात्र तिचा भार उतरंडीने खाली सरकत गेला आणि जेथे सर्वांत कमी बळ होते तेथे जाऊन थांबला.

आजच्या चर्चेचा विषय हाच आहे. कारखानदार किंवा व्यापारी आपल्या मालाची साठवण, चढउतार आणि वाहतूक तिसऱ्याच एका कंपनीकडे सोपवतो. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स’ असे भारदस्त नाव आहे. बाजारात त्याला नुसते ‘थ्रीपीएल’ म्हणतात. या व्यवहाराकडे केवळ ‘आणखी एक कंत्राट’ म्हणून पाहण्याची सवय कामगार चळवळीत आहे. ती सवय अपुरी आहे.

प्रथम मूळ सिद्धांताकडे वळावे लागेल. ‘भांडवल’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, जो मार्क्सच्या मृत्यूनंतर १८८५ साली एंगल्सने प्रसिद्ध केला, अभिसरणाच्या खर्चाची चर्चा आहे. केवळ खरेदीविक्री आणि हिशेबठिशेब यांवर होणाऱ्या खर्चातून नवे मूल्य निर्माण होत नाही, असे मार्क्स तेथे दाखवतो. वाहतुकीचा विचार मात्र तो निराळा करतो. वस्तूचे उपयोगमूल्य ती वापरली जाते तेव्हाच प्रत्यक्षात येते. त्यासाठी तिला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावे लागत असेल, तर ते नेणे म्हणजे उत्पादनप्रक्रियेचाच पुढचा भाग होय. भिवंडीच्या गोदामात खोका उचलणारा कामगार आणि रात्री कसारा घाट चढणारा ट्रकचालक हे कारखान्यातील कामगाराइतकेच उत्पादक आहेत. त्यांच्याकडूनही वरकड मूल्य निघते. म्हणूनच माल हलवण्याच्या कामाला ‘आनुषंगिक’, ‘साहाय्यक’ अशी विशेषणे लावून त्याची किंमत पाडली जाते, तेव्हा तो केवळ शब्दांचा खेळ नसतो.

मग कारखानदार हे काम बाहेर का देतो? स्वस्त पडते म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. गोदाम, मांडण्या, फोर्कलिफ्ट, मालमोटारी यांत गुंतलेले स्थिर भांडवल त्याला मोकळे करून हवे असते. मंदीत रिकामे पडणारे गोदाम त्याला स्वतःच्या हिशेबात नको असते. आणि कामगाराची जबाबदारी स्वतःच्या नावावर नको असते. सोपवणे होते ते तीन गोष्टींचे: कामाचे, जोखमीचे आणि जबाबदारीचे. मोबदला मात्र फक्त पहिल्या गोष्टीचा दिला जातो.

हिंदुस्थानात हा प्रकार नवा नाही. केंद्रीय विक्रीकर होता त्या काळात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की कर लागे. पण स्वतःच्याच डेपोला किंवा एजंटाला माल पाठवला तर ती विक्री ठरत नसे. म्हणून प्रत्येक मोठ्या कंपनीने राज्याराज्यांत ‘सी अँड एफ एजंट’ नेमले. नागपूर असो, इंदूर असो वा हैदराबाद, गावाबाहेर लहानसे गोदाम, दोन कारकून, एक मुकादम आणि दहापंधरा हमाल, असे त्याचे रूप असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यागणिक गोदाम ठेवण्याचे करविषयक कारण संपले. लहान गोदामे मिटू लागली आणि त्यांच्या जागी भिवंडी, हरियाणातील लुहारी, बंगळूरजवळचे होसकोटे अशी प्रचंड केंद्रे वाढली. एकेका छपराखाली शेकडो कामगार आले. जुन्या विखुरलेल्या गोदामांत संघटना बांधणे जवळजवळ अशक्य होते; भांडवलाने स्वतःच्या सोयीसाठी कामगारांना एकत्र आणले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात या क्षेत्राला पायाभूत सुविधेचा दर्जाही मिळाला. स्वस्त कर्ज गोदामाला मिळाले. गोदामातील माणसाला काय मिळाले, हा प्रश्न कोणत्याही सरकारी पत्रकात नव्हता.

आता कराराकडे पाहू. कार्यकर्त्यांपैकी बहुतेकांनी असे करारपत्र कधी वाचलेले नसते, आणि तेथेच पहिली चूक होते. त्याचे ठोकळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात दर खोक्यामागे, दर टनामागे किंवा दर खेपेमागे ठरलेली रक्कम मिळते. तेथे वाहतूक कंपनीचा नफा कामाच्या वेगातून निघतो. त्याच माणसांनी तासाला जास्त खोकी हलवली की नफा वाढतो. दुसऱ्या प्रकाराला ‘ओपन बुक’ म्हणतात. त्यात वाहतूक कंपनी आपला खर्च कलमागणिक मूळ मालकाला दाखवते. भाडे इतके, वीज इतकी, माणसे इतकी, प्रत्येकाचे वेतन इतके. मूळ मालक तो खर्च भरतो आणि वर व्यवस्थापन-शुल्क देतो. पुढे खर्च वाचला तर ती बचत दोघांनी वाटून घेण्याचीही तरतूद पुष्कळदा असते.

हा भेद कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ओपन बुक करार असेल, तर ‘कंत्राटदार काय पगार देतो ते आम्हांला ठाऊक नाही’ असे मूळ मालकाला म्हणताच येत नाही. तो आकडा त्याने वाचलेला असतो, त्यावर घासाघीस केलेली असते, त्याखाली सही केलेली असते. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि उपदान यांची बेरीज करून पाहिली आणि करारातला माणशी दर त्या बेरजेखाली निघाला, तर कायद्याचा भंग कराराच्या कागदातच लिहून ठेवलेला आहे असे म्हणावे लागेल. खोक्यामागे दर असेल तर लढ्याचा रोख निराळा हवा. तेथे वेगाचा मापदंड, विश्रांतीचा वेळ आणि दुखापतीची नोंद हे मुद्दे आधी येतात.

यानंतर येते ते ‘नाते सांभाळणे’. व्यवस्थापनाची पुस्तके या नात्याबद्दल लग्नाच्या मंगलाष्टकांच्या सुरात बोलतात. भागीदारी, परस्परविश्वास, दीर्घकालीन सहकार्य! प्रत्यक्षात हे नाते दरमहाच्या एका तक्त्यावर चालते. वेळेवर पोच किती टक्के, बिनचूक भरणा किती टक्के, तूटफूट किती. आकडा घसरला की बिलातून दंड कापला जातो. वाहतूक कंपनी तोच दंड मजूर-कंत्राटदाराच्या बिलातून कापते, कंत्राटदार मुकादमावर डाफरतो आणि मुकादम टोळीची हजेरी कापतो. पैसे मिळण्याचा प्रवास मात्र उलट्या दिशेने आणि फार सावकाश होतो. मूळ मालक साठ किंवा नव्वद दिवसांनी बिल चुकते करतो, आणि ‘वरून पैसे आले की देऊ’ हे वाक्य कामगाराला महिन्याच्या सात तारखेला ऐकावे लागते. शिक्षा तत्काळ खाली येते आणि मोबदला रेंगाळत येतो, हे या नात्याचे खरे स्वरूप आहे.

ट्रकचालकाची गत याहून निराळी नाही. मोठी वाहतूक कंपनी पुष्कळदा स्वतःच्या गाड्या ठेवतच नाही. काम दलालामार्फत एकदोन गाड्यांच्या मालकाकडे जाते. भाड्याचा काही भाग ॲडव्हान्स मिळतो, बाकी पोचपावती परत आल्यावर. माल कमी भरला किंवा भिजला, तर कपात त्या बाकीतून. गोदामाच्या दारात गाडी दोन दोन दिवस उभी राहिली तर तो वेळ कोणाचा? कराराच्या वरच्या थरात त्याला ‘डिटेन्शन’ म्हणून किंमत असते. खालच्या थरापर्यंत ती क्वचितच झिरपते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यापुरती. एकदोन गाड्यांच्या मालकाला तो कायदा लागूच होत नसे. काम जितके फोडावे तितका कायदा पातळ होतो, हे भांडवलदारांना पक्के ठाऊक आहे.

महाराष्ट्रातील ट्रकमालकांनी याच संदर्भात एक घोषणा रूढ केली: ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’. गाडी भरण्याउतरवण्याची मजुरी, म्हणजे वाराई, ट्रकवाल्याने का द्यावी? ज्याचा माल आहे त्याने ती द्यावी, एवढाच तिचा मूळ अर्थ. लहान मालकांच्या तोंडची ही घोषणा आहे. पण त्यांच्याही नकळत तिने सबंध कंत्राटी पद्धतीच्या मर्मावर बोट ठेवले आहे. माल कोणाचा याबद्दल कधीच वाद नसतो. विमा मूळ मालकाच्या मालाचा उतरवला जातो, खोक्यावर नाव त्याचेच असते. वाद असतो तो फक्त हमाल कोणाचा यावर.

न्यायालयांतही हाच वाद पाऊणशे वर्षे चालला आहे. सिलिगुडी येथील भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारात धान्याच्या गोणी हलवण्याचे काम आधी कंत्राटदाराकडे होते. पुढे महामंडळाने कंत्राटदार काढून कामगारांना थेट वेतन देण्यास सुरुवात केली, आणि काही काळाने पुन्हा कंत्राटदार आणून बसवला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. एकदा थेट नोकरीत आलेल्या कामगाराला नोटिशीवाचून पुन्हा कंत्राटदाराच्या हवाली करता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्याआधी १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी कोझिकोडच्या एका दोरखंड कारखान्याच्या खटल्यात पडदा बाजूला सारून खरा मालक कोण ते पाहावे, असा दंडक घालून दिला होता. १९९६ च्या एअर इंडिया निकालाने तर कंत्राटी पद्धत रद्द होताच कामगार मूळ मालकाचे होतात, येथवर मजल मारली.

आणि मग २००१ साल आले. कलकत्त्यातील स्टील अथॉरिटीच्या चार साठवण-आवारांत लोखंड-पोलाद हलवण्याचे काम निविदा काढून कंत्राटदारांना दिले जात असे. म्हणजे आज ज्याला थ्रीपीएल म्हणतात त्याचाच तो जुना अवतार. पश्चिम बंगाल सरकारने १५ जुलै १९८९ च्या अधिसूचनेने तेथील कंत्राटी पद्धत बंद केली. कामगार कायम होण्यासाठी न्यायालयात गेले. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एअर इंडिया निकाल उलटवला. कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असा नवा कायदा त्यातून घडला. एक दार मात्र उघडे राहिले. कंत्राट हा नुसता देखावा असेल, तर औद्योगिक न्यायाधिकरण तसे ठरवून कामगाराला मूळ मालकाचा मानू शकते. देखावा ओळखावा कसा? नेमणूक कोण करतो, वेतन कोण देतो, काढून कोण टाकतो, शिस्तीची कारवाई कोण करतो, नोकरी अखंड आहे काय, कामावर ताबा कोणाचा, या कसोट्या २०१४ च्या दुसऱ्या एका एअर इंडिया खटल्यात नोंदवल्या गेल्या.

कंपन्यांच्या वकिलांनी या कसोट्या पाठ केल्या आहेत. म्हणून मूळ मालकाचा सुपरवायझर आता गोदामात हुकूम देत नाही. पण हुकूम थांबलेले नाहीत. कामगाराच्या हातातील स्कॅनर त्याला कोणत्या मांडणीतून कोणता खोका किती सेकंदांत उचलावयाचा ते सांगतो. ती संगणकप्रणाली कोणाची, क्रम आणि वेग ठरवणारे नियम कोणी लिहिले, याचा पुरावा गोळा करणे हे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे. मुकादमाच्या शिट्टीची जागा यंत्राच्या टुणटुणीने घेतली म्हणून ताबा नाहीसा होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा इतिहासजमा झाला. पूर्वी वीस कंत्राटी कामगारांना लागू होणारी तरतूद आता पन्नासांपासून लागू होते. हा तोटा उघड आहे. नवी संहिता उद्योगाच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावण्यास मनाई करते, पण गाभ्यातून जी कामे वगळते त्यांत मालाची चढउतार आणि वाहतूक ही दोन्ही आहेत. साबणाच्या कारखानदाराला याने मोकळीक मिळाली. येथे घाईने निराश होण्याचे कारण नाही. ही सूट त्या आस्थापनेसाठी आहे, जी मुळात त्या कामासाठी स्थापन झालेली नाही. वाहतूक-गोदाम कंपनी तर त्याच कामासाठी जन्माला आलेली असते! ‘हा आमचा गाभा नव्हे’ असे म्हणून कारखानदाराने काम ज्याच्याकडे दिले, त्याचा तो गाभाच आहे. मग त्याच गोदामात त्या कंपनीने पुन्हा मजूर-कंत्राटदार कसा आणावयाचा? अर्थात संहितेत पळवाटाही आहेत. ते काम एरवीही कंत्राटदाराकडूनच करवून घेतले जात असेल, किंवा कामाचा बोजा अचानक वाढला असेल, तर मुभा आहे. दिवाळीचा हंगाम दरवर्षी येतो. त्याला ‘अचानक’ म्हणू देता कामा नये.

या सर्व चर्चेत महाराष्ट्राने एके काळी एक निराळेच उत्तर दिले होते, आणि इतर राज्यांतील साथींनी ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्याचे बीज गोदीत आहे. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने रोजगाराचे नियमन बोर्डाकडे सोपवले. जहाज आले नाही तरी नोंदीत कामगाराला हजेरीचा भत्ता मिळू लागला आणि स्टिव्हेडोर बदलला तरी टोळी कायम राहू लागली. तोच विचार १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजारपेठेत आणला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्याचे ते फळ होते. मालक बोर्डाकडे नोंदवला जातो. मजुरी आणि वरची लेव्ही तो बोर्डाकडे भरतो. बोर्ड कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान, रजेचा पगार देते. अगदी अडाणी हमालालाही यातले मर्म कळते. कंत्राटदार येतील आणि जातील, खाते बोर्डात आहे. थ्रीपीएलच्या जगात दर दोनतीन वर्षांनी निविदा निघते आणि दर वेळी कामगाराची सेवा शून्यापासून सुरू होते. हे थांबवण्याची युक्ती पन्नास वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या पुस्तकात आहे.

पण या बाबतीत स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. भिवंडी, पुणे परिसरात माथाडीचे नाव घेऊन खंडणी उकळणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी जितके नुकसान कारखानदारांचे केले त्याहून अधिक खऱ्या माथाडी कामगारांचे केले. कायदा मोडीत काढू पाहणाऱ्यांच्या हाती त्यांनी आयते हत्यार दिले. दुसरी अडचण यंत्राची आहे. डोक्यावरचे ओझे पॅलेटवर गेले, पॅलेट फोर्कलिफ्टवर गेले, आणि मालक विचारू लागले, आता माथा कोठे आहे? या प्रश्नाला ‘यंत्र नको’ हे उत्तर असू शकत नाही. फोर्कलिफ्ट चालवणारा, पट्ट्यावरचा खोका वळवणारा, स्कॅनर धरणारा, हे सारे त्याच कामाचे आजचे वारस आहेत आणि बोर्डाची व्याप्ती त्यांच्यापर्यंत नेण्याची मागणी आता स्पष्ट शब्दांत मांडावयास हवी.

वाटाघाटी कोणाशी करावयाच्या, हा प्रश्न कार्यकर्ते पुन्हा पुन्हा विचारतात. मजूर-कंत्राटदाराशी बोलले तर तो म्हणतो, माझा दर वरून ठरतो. वाहतूक कंपनी म्हणते, करार संपेपर्यंत दर वाढत नाही. मूळ मालक म्हणतो, हे कामगार आमचे नव्हेत. तिघांनाही एका टेबलाशी आणल्याशिवाय तोडगा निघत नाही, आणि तिघेही एका टेबलाशी केव्हा येतात? करार नव्याने होताना. केएफसीच्या प्रकरणात संघटनेचा इशारा वाया गेला, कारण निर्णयाच्या वेळी ती टेबलाशी नव्हती. मूळ मालक मोठा असला तरी या घडीला तो नाजूक असतो. कोठारात माल अडकणे त्याला परवडत नाही, आणि जुना माणूस जाऊन नवा येईपर्यंत गोदामाची माहिती फक्त कामगाराच्या डोक्यात असते.

म्हणून करार संपण्याच्या निदान सहा महिने आधी तयारी सुरू झाली पाहिजे. कोणाची सेवा किती वर्षांची, मधल्या काळात किती कंत्राटदार बदलले पण माणसे तीच राहिली, प्रत्येकाचे भविष्यनिर्वाह निधीचे खाते एकच आहे की तुकड्यातुकड्यांत, याची नोंदवही गोदामागणिक ठेवावी. गेटपास, पाळीचे वेळापत्रक, स्कॅनरवरचे लक्ष्य यांच्या नकला जपाव्यात. सार्वजनिक क्षेत्रातील मालक असेल तर निविदेची अट प्रसिद्ध झालेली असते. ती वाचून माणशी दराची बेरीज जाहीर सभेत फळ्यावर मांडावी. नव्या करारात तीन कलमांचा आग्रह धरावा. एक, कंत्राटदार बदलला तरी जुन्या कामगारांना आधी कामावर घेणे आणि सेवा अखंड धरणे. दोन, वेतनाचे पैसे बिलाची वाट न पाहता मूळ मालकाने वेगळ्या खात्यात भरणे. तीन, दंडाची कपात कोणत्याही परिस्थितीत वेतनापर्यंत न पोचणे. थकलेल्या वेतनाची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर जुन्या कायद्यातही होती आणि नव्या संहितेतही आहे. ते कलम मागून घेण्याची गरज नाही, वापरावयास हवे. पहिली थकबाकी होताच, दुसऱ्या महिन्याची वाट न पाहता, मूळ मालकाला त्याच्या नावाने लेखी नोटीस गेली पाहिजे, आणि तिची पोचपावती संघटनेच्या कपाटात राहिली पाहिजे.